मागच्या खोलीतलं बोलणं

ओजिमा, तोक्यो
२० नोव्हेंबर २००५

शशिकांतकाका,

मायना लिहिलेला नाही. 'तीर्थरूप' लिहायला हात धजेना आणि 'सप्रेम' लिहिण्याइतकं प्रेम या घडीला माझ्यात नाही. तुम्ही माझे फोन उचलत नाही, मेलला उत्तर देत नाही. सुप्रभाकाकूंनी दोन वेळा सांगितलं, "ते झोपलेत गं." योकोहामात माणसं दुपारी चार वाजताही झोपतात हे मला माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र. पत्र न वाचता टाकून देणं तुमच्या पिढीला जमत नाही.

तुमचे उपकार मी विसरलेले नाही. अवधूत गेला तेव्हा पोलीस, दूतावास, ती पेटी, विमान, सगळं तुम्ही बघितलंत. मला तर 'इथे सही करा' यापलीकडे काही ऐकूच येत नव्हतं. पुण्याला दिवस करून मी शिवानीला घेऊन परत आले, तर कळलं की तुम्ही मराठी मंडळाचं अध्यक्षपद सोडलंत. प्रकृतीचं कारण दिलंत म्हणे. तुमच्या प्रकृतीला काय धाड भरलीय? जुलैत तुम्ही बॅडमिंटनमध्ये स्वप्निलला घाम फोडला होतात.

आता मुद्द्याचं बोलते. मंडळातली सिंधू परवा घरी आली होती. गणपतीच्या रविवारी ती कुमिन सेंटरच्या, म्हणजे आपल्या वॉर्डाच्या सभागृहाच्या, स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. ती म्हणाली, आरती झाली, पंगत बसली, पंगत उठली, तरी अवधूत मागच्या खोलीत तुमच्यासमोर बसलेला होता. दार लावलेलं आणि बाहेर तुम्हा दोघांचे बूट. मी तेव्हा पुढच्या हॉलमध्ये मुलांचं नाटक बघत होते. मला वाटलं, तो खुर्च्या लावतोय.

मागची खोली म्हणजे काय ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मंडळात नवी बाई आली की पहिल्याच दिवशी तिला सांगतात, काही अडचण असली तर मागच्या खोलीत जाऊन अध्यक्षांशी बोल, ते कुठे जाणार नाही. तुम्हीच तसं कलम घातलंत घटनेत. कोणाचा नवरा हात उगारतो, कोणाची नोकरी गेलीय, कोणाला इथे करमत नाही, ते सगळं त्या ताटामीच्या चटईवर बसून बोलायचं आणि तिथेच ठेवून उठायचं. चांगलीच सोय आहे. मीही पहिल्या वर्षी एकदा येऊन रडून गेलेय.

पण त्याच आठवड्यात अवधूत ऑफिसच्या बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून खाली पडला. पोलिसांनी अपघात असं लिहिलं. कंपनीने मोठा हार पाठवला. त्या जिन्यावर लोक सिगरेट ओढायला जातात. अवधूत सिगरेट ओढत नव्हता.

तो पडला की त्याने स्वतःला टाकलं, एवढंच मला कळायला हवं. त्याची आई दर रविवारी फोन करून विचारते, "तू काय बोललीस त्याला?" मी काही बोलले नव्हते हो. आमचं भांडण नव्हतं, अबोला नव्हता. त्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखा कचरा वेगळा करून खाली नेला, शिवानीच्या वेणीची रिबिन बांधली आणि गेला. तुमच्याशी तो काय बोलला ते सांगा, म्हणजे मला त्या माऊलीच्या तोंडावर काहीतरी सांगता येईल.

तुमच्यावर अजून माझा राग नाही. ऑगस्टमध्ये तुम्ही आमच्याकडे चहाला आला होतात. माझी नोकरी नुकतीच पक्की झाली होती आणि जो तो विचारत होता, मुलीचं कसं करणार, स्वयंपाकाचं कसं करणार. तुम्ही एकटे असे निघालात की ज्यांनी विचारलं, "तुला इथे आवडतं ना?" किती बरं वाटलं होतं मला. अवधूत दूध आणायला खाली कोनबिनीच्या दुकानात गेला तो लवकर आलाच नाही, आणि मी आपली पोह्यांची बशी तुमच्या हातात देऊन बडबडत बसले. काय काय बोलले ते आठवतही नाही. त्या दिवशी वाटलं होतं, परक्या गावात एक तरी घरचं माणूस आहे.

त्या माणसाला हे पत्र लिहितेय.

ज्ञानदा


ओजिमा
९ जानेवारी २००६

शशिकांतकाका,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. ओळी तीन. "जे ऐकलं ते अध्यक्ष म्हणून ऐकलं. ते माझं नाही, म्हणून मला देता येत नाही. क्षमा असावी."

वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. अहो, तुम्ही आता अध्यक्ष नाही. खोलीची किल्ली तुम्ही नव्या अध्यक्षाकडे, स्वप्निलकडे दिलीत, मंडळाचा शिक्का दिलात, गणपतीची चांदीची समईसुद्धा दिलीत. मग हेच एक कसं तुमच्याकडे राहिलं? अध्यक्षाने तोंडाला कुलूप लावावं हे मला पटतं. माजी अध्यक्षाने का? उद्या माझ्या कंपनीतला सोडून गेलेला मॅनेजर म्हणायला लागला की मी जुना मॅनेजर आहे, माझा पासवर्ड चालू ठेवा, तर त्याला दारातून आत तरी घेतील का?

या पोस्टकार्डाबरोबर आणखी एक गठ्ठा आला. नववर्षाच्या शुभेच्छांची कार्डं, अवधूतच्या नावाने. त्याच्या क्लायंटकडून, केशकर्तनालयाकडून, शिवानीच्या शाळेतल्या कोणाच्या आईकडून. घरात कोणी गेलं असलं की डिसेंबरच्या आधीच सगळ्यांना राखाडी कार्ड पाठवून कळवायचं असतं, की यंदा आम्हाला शुभेच्छा नकोत. मला कोण सांगणार होतं? शेजारच्या ओकाझाकीबाईंनी गठ्ठा बघितला आणि मला वाकून वाकून सॉरी म्हणत राहिल्या, जणू त्यांचीच चूक. 'या वर्षी आपल्याला भरपूर आरोग्य लाभो', असं लिहिलंय त्याला. शिवानीला जपानी वाचता येतं. तिने सगळी कार्डं जमिनीवर मांडून एकेक वाचून दाखवलं.

तुम्ही इथे पंचवीस वर्षं राहिलात. हे एवढं तरी सांगायचं होतंत. हे काही मागच्या खोलीतलं नव्हतं.

ज्ञानदा


ओजिमा
१८ जून २००६

शशिकांतकाका,

काल मंडळाची सभा झाली. तुम्ही आला नाहीत, म्हणून काय झालं ते मीच सांगते. बाकी कोणी सांगायचं धाडस करणार नाही.

मी उभी राहून सरळ विचारलं, हे कलम माजी अध्यक्षाला लागू आहे का? मग हरीश उठला. तुम्हाला माहीतच आहे, त्याला असल्या गोष्टींचा भारी सोस. उरायासुहून येताना ट्रेनमध्ये वाचायला त्याने कागदांची चळत छापून आणली होती. म्हणाला, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला असा हक्क असतो, आपल्या सल्लागारांशी झालेलं बोलणं राखून ठेवायचा. तो हक्क माणसाचा नसतो, पदाचा असतो. म्हणून पद गेलं तरी त्या बोलण्यावरचं कुलूप निघत नाही आणि माजी माणूसही ते कुलूप दाखवू शकतो. पण खुर्चीवर आज जो बसलाय तो काय म्हणतो याला जास्त वजन, असं तिथल्या कोर्टाने मागेच ठरवलंय.

लता म्हणाली, "हरीश, हे मराठी मंडळ आहे. दिवाळीला हॉल मिळाला नाही अजून, ते बघ आधी."

लोक हसले. मी नाही हसले. मी म्हटलं, "म्हणजे आजचा अध्यक्ष कुलूप काढू शकतो?" हरीश म्हणाला, "तत्त्वतः हो." मग मी स्वप्निलकडे वळले. तो बिचारा घामाघूम. मी त्याच्यासमोर हात जोडले, सगळ्यांदेखत. म्हटलं, "एक वाक्य बोल. बोल की शशिकांतकाकांना मोकळीक आहे."

तो म्हणाला, "ताई, आज मी एक दार उघडलं, तर उद्या त्या खोलीत कोण येऊन बसेल?"

मग लता उठली. मला वाटलं, ही माझ्या बाजूने बोलेल, इतक्या वर्षांची मैत्रीण. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझंही त्या खोलीत काही ठेवलेलं आहे. ते काकांकडे आहे. मला नको कोणी मोकळीक द्यायला." आणि खाली बसली. मग चहा आला.

ठराव असा झाला: माजी अध्यक्षाला गप्प राहायचा हक्क आहे, पण चालू अध्यक्षाने मोकळीक दिली तर त्याने सांगावं. आणि चालू अध्यक्ष देत नाहीत. मी त्या सभेत तुम्हाला काय काय म्हटलं ते तुमच्या कानावर येईलच. भित्रा म्हटलं. स्वतःची चूक झाकायला खोलीच्या आड लपलेला माणूस म्हटलं. कारण मला आता तसंच वाटतं. अवधूतने तुम्हाला सांगितलं असणार की मला सहन होत नाही, आणि तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला असणार, होईल रे सगळं, आधी जेवून घे. आणि आता ते बाहेर यायला नको म्हणून हा सगळा सोवळेपणा.

चुकत असेन तर तसं लिहा. एवढं लिहायला कोणतं कलम आड येतं?

ज्ञानदा


ओजिमा
२ सप्टेंबर २००७

शशिकांतकाका,

वर्षभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. कामावर जाते, येते. नोकरी पक्की होती म्हणून व्हिसा टिकला, असं सगळे सांगतात, जणू माझं नशीब थोर. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम आहे माझं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते आणि कळवते, आणि लोक मला 'ज्ञानदा-सान, आभारी आहोत' म्हणतात.

शिवानी माझ्याशी जपानीतच बोलते आता. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. बाबांबद्दल मात्र काही विचारत नाही. तिने ओळखलंय की आईकडे उत्तर नाही.

सासूबाईंचा फोन दर रविवारी येतो. आता त्या रागावतही नाहीत. नुसतं विचारतात, "कळलं का गं काही?" मी म्हणते नाही. मग दोघी जरा वेळ तशाच फोन धरून बसतो. राग बरा होता.

कळवायचं एवढंच, की डिसेंबरात स्वप्निलची मुदत संपतेय आणि मी अध्यक्षपदासाठी नाव दिलंय. मला मंडळाचं काडीचंही प्रेम उरलेलं नाही. मला ना दिवाळी करायचीय ना हळदीकुंकू. मला ती मोकळीक द्यायचीय. सगळ्यांना हे माहीत आहे, तरी माझ्याविरुद्ध कोणी उभं राहणार नाही, कारण विधवेच्या विरुद्ध उभं राहायला सगळे लाजतात. तेवढा तरी उपयोग होऊ दे.

ज्ञानदा


अराकावा मराठी मंडळ
ओजिमा
२३ जानेवारी २००८

श्री. शशिकांत यांस,

कळविण्यात येते की, मंडळाच्या घटनेनुसार व जून २००६ च्या ठरावानुसार, कै. अवधूत यांनी आपल्याशी अध्यक्ष या नात्याने केलेल्या संभाषणाबाबत आपणांस विद्यमान अध्यक्ष या नात्याने मोकळीक देण्यात येत आहे. सदर संभाषण आपण विद्यमान अध्यक्षांस सांगावे.

ज्ञानदा
अध्यक्ष

काका, वरचं मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं. टाकलं मात्र आज. मध्ये काय झालं ते सांगते.

रविवारी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिळगूळ वाटून झाल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन बसले. रीतच आहे, अध्यक्षाने बसायचं. मला वाटलं होतं, माझ्याकडे कोण येतंय, मी इथे कशाला आलेय ते सगळ्यांना ठाऊक आहे. तर दार सरकलं आणि एक मुलगी आत आली. नाव सांगत नाही. लग्न होऊन इथे आल्याला वर्षही झालेलं नाही. ती बसली, हातातला तिळाचा लाडू तसाच धरून, आणि बोलायला लागली. बोलून झाल्यावर तिने मला विचारलं, "ताई, तुम्ही अध्यक्ष नसाल तेव्हासुद्धा हे कोणाला सांगणार नाही ना?"

मी म्हटलं, "नाही सांगणार."

पटकन तोंडातून गेलं. ती निश्चिंत होऊन गेली. तुम्हाला पहिल्यांदा कोणी असं विचारलं तेव्हा तुम्हीही असंच म्हणाला असाल. मला ते कळलं. तरीही मी हे पत्र टाकतेय. तिचं मी राखीन आणि तुमच्याकडून माझं काढून घेईन. यात न्याय नाही हे मला दिसतं, पण माझ्याकडे दुसरं काही राहिलेलं नाही.

लेखी नको. येऊन सांगा.


ओजिमा
३ मार्च २००८

काका,

तुम्ही येऊन गेल्याला आठवडा होऊन गेला. त्या दिवशी मी तुमच्याशी धड निरोपाचंही बोलले नाही. तुम्ही स्टेशनाकडे चालत गेलात आणि मी मागून बघत राहिले. पाय ओढत चालत होतात. प्रकृतीचं कारण खोटं नव्हतं तर.

आता जे झालं ते लिहून काढते. लिहिलं की ते माझ्या डोक्यातून जाईल, असं नाही. पण मला ते तुमच्यासमोर एकदा नीट म्हणायचंय.

तुम्ही पार्कातल्या बाकावर बसलात. मिकान संत्र्यांची पिशवी आपल्या दोघांच्या मध्ये ठेवलीत आणि विचारलंत, "अध्यक्ष म्हणून विचारतेस की ज्ञानदा म्हणून?"

मी म्हटलं, "अध्यक्ष म्हणून. ज्ञानदाला तुम्ही पोस्टकार्ड पाठवलंत."

"मग अध्यक्ष म्हणूनच ऐक," तुम्ही म्हणालात, "आणि जमलं तर ज्ञानदाला सांगू नकोस."

मला त्याचाही राग आला. मला वाटलं, झालं सुरू पुन्हा.

अवधूत तुमच्याकडे पहिल्यांदा आला तो गणपतीत नाही, जुलैत. त्याला परत जायचं होतं. झोप लागत नव्हती. क्लायंटच्या ऑफिसात त्याला एका कोपऱ्यात बसवलेलं होतं आणि दिवसच्या दिवस त्याच्याशी कोणी बोलत नसे. हात थरथरायचे म्हणून मीटिंगमध्ये तो चहाचा कप उचलत नसे. हे तुम्ही सांगत होतात आणि मी मनातल्या मनात शोधत होते, घरी तो कप कसा धरायचा. मला आठवेना. मी बघितलेलंच नव्हतं.

तुम्ही त्याला म्हणालात, "ज्ञानदाशी बोल." तो म्हणाला, "मी म्हटलं तर ती एका शब्दावर सामान बांधेल, काका. चार वर्षं तिने दुकानात जेवणाचे डबे भरले. आता कुठे तिला तिच्या शिक्षणाचं काम मिळालंय, आता कुठे हसतेय. माझ्यासाठी ती येईल, आणि मग मी जन्मभर तिचं तोंड बघत बसेन. तुम्ही सहज विचारा. तिच्याही मनात असलं तर मी बोलतो. नसलं तर मी काढेन दिवस. पण मी विचारायला लावलं हे तिला कधी कळू देऊ नका."

म्हणून तुम्ही चहाला आलात.

काका, पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की काय बोलले ते आठवत नाही. ते खरं नव्हतं असं नाही, पण तुम्ही बाकावर 'चहाला आलो' एवढं म्हणालात आणि मला सगळं आठवलं. मग तुम्ही हेही विचारलंत, "परत जावंसं वाटतं का गं कधी?" आणि मी म्हणाले, "मेले तरी जाणार नाही. अवधूतला जायचं असेल तर त्याने खुशाल जावं. मी आणि शिवानी दारात उभं राहून टाटा करू." स्वतःच्या विनोदावर स्वतःच किती हसले मी. तुम्हीही हसलात. हसला नसतात तर मला संशय आला असता, म्हणून हसला असाल.

आणखी एक सांगते, जे तुम्हाला माहीत नाही. तो तेव्हा दूध आणायला खाली गेला होता. इतका वेळ लावला म्हणून मी तुमच्यासमोर त्याला नावं ठेवली. तुम्ही गेल्यावर मी त्याने आणलेलं दूध ठेवायला फ्रिज उघडला, तर आत दुधाचं खोकं होतं. न फोडलेलं. मी त्याला म्हटलं, "डोळे कुठे असतात तुझे?" तो म्हणाला, "चुकलं." मी हे विसरूनही गेले होते. रोजचंच ते, नवराबायकोतलं.

गणपतीच्या दिवशी तुम्ही त्याला माझं उत्तर सांगितलंत. माझे शब्द नाही सांगितलेत, 'ती इथे सुखात आहे' एवढंच म्हणालात. तो म्हणाला, "बरं झालं. सुटलो विचारातून." आणि मग पंगत उठेपर्यंत तुमच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारत बसला. तुम्हाला वाटलं, पोरगं सावरलं. उठताना त्याने शिवानीसाठी मोदक मागून घेतला.

मी विचारलं, "आणि जिना?"

तुम्ही म्हणालात, "ते मला माहीत नाही, ज्ञानदा. शप्पथ. ते कोणालाच माहीत नाही."

म्हणजे जे विचारायला मी दोन वर्षं तुमच्या मागे हात धुऊन लागले, ते तुमच्याकडे नव्हतंच. तुमच्याकडे होतं ते हे. ते तुम्ही माझ्यापासून राखत होतात, माझ्यासाठी. आणि मी निवडून येऊन, शिक्का मारून, ते तुमच्याकडून हिसकावून घेतलं.

त्या सभेत तुम्हाला भित्रा म्हटलं ते मागे घेते. याने काही होत नाही हे मला कळतं.

मिकान शिवानीने खाल्ली. गोड होती म्हणाली.

ज्ञानदा


ओजिमा
२० डिसेंबर २००९

तीर्थरूप काकांना,

ज्ञानदाचा साष्टांग नमस्कार.

आज माझी मुदत संपली. किल्ली, शिक्का आणि समई हरीशकडे दिली. तो जानेवारीपासून बघेल. लोक म्हणाले, ज्ञानदाताईंनी दोन वर्षं मंडळ चांगलं सांभाळलं. मी दर महिन्याला मागच्या खोलीत बसले, जे आलं ते ऐकलं. त्या पहिल्या मुलीचं मी राखलंय. ती आता बरी आहे.

घरी काय चाललंय ते तुम्हाला कोण सांगणार, म्हणून सांगते. परत जावं असं रोज मनात येतं आणि रोज वाटतं की कोणत्या तोंडाने जाऊ. जायचं तर तेव्हा जायचं होतं. इथे राहिले तर ज्या नोकरीपायी त्याने तोंड उघडलं नाही ती नोकरी करतेय, आणि सोडली तर त्याने ते कशासाठी सोसलं. दोन्हीकडून बुडालेय मी. फ्रिजमध्ये दूध भरून ठेवत नाही. लागेल तसं खाली जाऊन आणते, आणि खाली गेले की तिथे उगीच मासिकं चाळत उभी राहते. तो त्या दिवशी तिथेच कुठेतरी उभा असेल, वर काय ठरतंय याची वाट बघत.

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. पण मी तुमच्याकडे विचारायचं थांबवलं, यावरून त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "तुला कळलंय." मी म्हटलं, "आई, ते मंडळाचं आहे. अध्यक्ष म्हणून ऐकलंय. मला देता येत नाही." बोलताना मला तुमचं पोस्टकार्ड दिसत होतं. त्या इतक्या जोरात रडल्या की शिवानी आतून बाहेर आली. मग तिलाही कळलं की आईकडे काहीतरी आहे. आता ती विचारते. मराठीत विचारते, काका. इतक्या वर्षांनी, मला बरं वाटावं म्हणून मुद्दाम मराठीत. "आई, बाबांनी काय सांगितलं होतं?"

तिला काय सांगू? की तुझ्या बाबांना घरी जायचं होतं आणि तुझी आई हसली?

दोन वर्षं अध्यक्षपदाच्या आड निभावलं. आता तेही संपलं. आणि सासूबाईंनी माझ्या नणंदेकडून हरीशला मेल पाठवलीय. विनंती केलीय, की मरायच्या आधी आईला कळू द्या, माजी अध्यक्षांना मोकळीक द्या. हरीशने ती मला दाखवली. सभ्य मुलगा आहे, लपवून काही केलं नाही. म्हणाला, "ताई, तुमच्याच प्रश्नावर ठराव झाला. चालू अध्यक्षाचं वजन जास्त. तुम्हीच तर विचारलं होतंत, माजीला कुलूप कशाला? आता एका आईला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?" त्याचं काही चुकत नाही. तो पुढच्या सभेत मोकळीक देणार. मग मला सांगावं लागेल, किंवा ते तुम्हाला विचारतील.

सासूबाईंचा हक्क माझ्याइतकाच आहे, कदाचित जास्तच. मी ज्या शब्दांत तुमच्याकडे मागितलं त्याच शब्दांत त्या मागतायत. मला सगळं कळतं. तरी मला सांगायचं नाहीये. त्यांना वाचवायचं म्हणून नाही, शिवानीला वाचवायचं म्हणून थोडंसं, आणि बाकी सगळं माझ्यासाठी. शिवानी माझ्याकडे आज जशी बघते तशी उद्या बघणार नाही. तेवढं एकच माझ्याकडे उरलंय.

तुम्ही त्या सभेला या. पाय दुखत असले तर टॅक्सीने या, पण या. उभे राहून सांगा, की माणूस माजी झाला तरी त्याला गप्प राहायचा हक्क असतो आणि तो कोणी काढून घेऊ नये. मागच्या वेळी तुम्ही स्वतः तिथे नव्हतात आणि तुमच्याविरुद्ध सगळ्यात मोठ्याने मी बोलले होते. आता माझ्या बाजूने बोलेल असं तुमच्याशिवाय कोणी नाही.

येता का, तेवढं कळवा. पोस्टकार्ड चालेल.

ज्ञानदा